उजवा खांदा

“साहेब, सोमवारपासनं तुमचा एकबी फोन चुकवत न्हाई!” तातोबा शिपाई कावळ्याला म्हणाला.

कावळ्यानं मान उजवीकडं वाकडी केली, पण जागचा हलला नाही.

वारणेच्या काठावर आम्ही सगळे कारखान्याचे लोक उभे होतो. इंगवले साहेबांचं रक्षाविसर्जन होतं. केळीच्या पानावर त्यांच्या आवडीचं सगळं मांडलं होतं: कांदाभजी, जिलेबी, कपबशीसकट दुधाचा चहा आणि तपकिरीची डबी. आमच्या भागात तिसऱ्या दिवशी माणूस कावळा होऊन येतो आणि घास शिवून जातो. शिवला नाही तर समजायचं, मनात काहीतरी राहिलंय. मग ते काय असेल याचा अंदाज करत एकेकानं पुढं व्हायचं आणि मोठ्यानं वचन द्यायचं. गेलेल्या माणसाला इतकी विचारणा जिवंतपणी होत नाही.

घरच्यांची वचनं देऊन झाली होती. भावानं बांधाचा वाद मिटवला. पुतण्यानं दारू सोडली. ती त्यानं नंतर परत धरली, पण त्या क्षणी तो अगदी मनापासून बोलला. आता पाळी कचेरीची होती.

“तोडणीचा प्रोग्राम वेळेवर लावू, साहेब!” हेडक्लार्क म्हणाले.

कावळा करंजाच्या फांदीवरून वरच्या फांदीवर गेला.

“गाळपाचं टार्गेट गाठू!” कुणीतरी मागून ओरडलं.

कावळा आणखी वर गेला.

“सायेब,” तातोबा माझ्या कानाशी म्हणाला, “मान बगा त्येची.”

मी बघितलं. कावळे मान वाकडी करतातच, त्यात काही नवल नाही. पण थोड्या वेळानं सरळ करतात. या कावळ्यानं ती उजव्या पंखाकडं झुकवली होती, पंख मानेला भिडवला होता, आणि तो तसाच बसून राहिला होता. खांदा आणि कान यांच्यामध्ये काहीतरी धरून ठेवल्यासारखा.

“साहेबच की वो,” तातोबा म्हणाला.

माझ्या हाताला घाम आला. पौषातली सकाळ होती, नदीवरून गार वारा येत होता.

उन्हं वर आली. शेवटी घास उचलून गाईला घातला. शालनवहिनी, साहेबांच्या पत्नी, सगळा वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या. पान उचललं तेव्हा त्या झाडाकडं बघत एवढंच म्हणाल्या, “काय पायजे तुम्हाला, कसं कळायचं?”

आता थोडं सांगायला हवं. कारखान्याचं नाव मात्र सांगत नाही. त्यावेळचे काही संचालक अजून हयात आहेत आणि मीही आहे. दोन्ही गोष्टी तशाच राहाव्यात अशी माझी इच्छा आहे. साखर कारखान्यात एक खुर्ची अशी असते, की कुणाच्या उसाला कधी कोयता लागायचा हे तिथं ठरतं. ऊस सगळ्यांचा एकदमच तयार होतो, आणि प्रत्येकाची समजूत अशी असते की आपला जरा जास्तच तयार झालाय. त्यामुळं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्या खुर्चीपुढचा काळा फोन वाजत राहतो. सभासद बोलतात, त्यांचे मेहुणे बोलतात, संचालक बोलतात, संचालकांचे मेहुणे तर फारच बोलतात. दोन्ही हात कागदांत गुंतलेले, म्हणून इंगवले साहेब रिसीव्हर उजव्या खांद्यानं कानाशी दाबून धरत. पुढं पुढं रिसीव्हर नसला तरी खांदा तिथंच राहू लागला. टेबलाखाली त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सारखा टकटक करायचा. आणि घरचं, दारचं, देवाचं, डॉक्टरचं, कुणी काहीही काढलं की ते एकच उत्तर देत: “हंगाम संपू दे, बघू.”

ते खुर्चीतच गेले. फोनवर भगवानराव नावाचे संचालक होते. साहेब गेल्यावरही ते बराच वेळ बोलत होते. नंतर त्यांनीच सांगितलं, “इंगवले त्या दिवशी पहिल्यांदा मधी न बोलता ऐकून घेत होता. मला बरं वाटलं.”

सोमवारी भगवानरावांनी मला बोलावलं.

“देशिंगकर, तुम्ही बसा आता तिथं. तात्पुरतं.”

“मी अकाउंट्सचा माणूस, साहेब. मला उसातलं काही कळत नाही.”

“ऐकायला येतंय न्हवं? मग झालं.”

मी तेव्हा पस्तिशीचा, अंगानं धडधाकट, भुताखेतांवर विनोदी लेख लिहून जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला पाठवणारा आणि ते परत आले की त्यांच्या पाठीमागं हिशेब करणारा. मी खुर्चीत बसलो. तातोबानं आधीच तिच्या पायाला एक लिंबू बांधून ठेवलं होतं.

“हे काय?”

“आसूं द्या सायेब. घास शिवल्याला न्हाई. मानूस हितंच आसंल कुटंतरी.”

मी हसलो. फोन वाजला.

पहिल्यांदा तातोबाच्याच लक्षात आलं. चहाचा कप टेबलावर ठेवताना त्याचा हात थबकला, कप बशीत वाजला आणि तो दोन पावलं मागं सरकला.

“काय झालं रे?”

“काय न्हाई,” तो म्हणाला. त्याची नजर टेबलाखाली होती.

मी वाकून बघितलं. माझा उजवा अंगठा चपलेतून बाहेर आला होता आणि फरशीवर टकटक करत होता. मी त्याला थांबवलं. तो थांबला. मी वर मान केली तेव्हा तो परत सुरू झाला. माझा अंगठा, माझ्या पायाला. पण मला न विचारता.

तातोबानं ही बातमी कचेरीत पसरवली नाही. त्यानं ती फक्त प्रत्येकाला वेगवेगळी सांगितली.

पुढं एका रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. हेमा, माझी बायको, वाढता वाढता म्हणाली, “आमटीला मीठ हवंय का?”

“हंगाम संपू दे, बघू,” मी म्हणालो.

तिचा डाव हवेतच राहिला.

“काय म्हणालात?”

“मी? मीठ दे म्हणालो.”

“नाही म्हणालात,” ती म्हणाली. “आणि तो तुमचा आवाजही नव्हता. संपू ‘दे’ म्हणताना तुम्ही इंगवल्यांसारखं नाकातून ओढलंत.”

मी हसण्यावारी नेलं. जेवून आडवा झालो. जाग आली तेव्हा हेमा उशाशी बसली होती आणि दोन्ही तळव्यांनी माझा उजवा खांदा खाली दाबत होती. चेहरा पांढराफटक.

“काय करतेस?”

“झोपेत तुमचा खांदा कानाला लागलेला असतो,” ती म्हणाली. “गेले कित्येक दिवस बघतेय. मी खाली दाबते. हात काढला की सावकाश वर येतो. स्प्रिंगच्या दारासारखा. बघा.”

तिनं हात काढला. आम्ही दोघांनी बघितलं. मी पूर्ण जागा होतो, खांदा हलवायचा माझा काही विचार नव्हता. तो वर आला. घाई न करता, ओळखीच्या घरी शिरावं तसा.

“मिरजेला जाऊन डॉक्टरांना दाखवू,” हेमा म्हणाली.

“हंगाम...” मी म्हणालो आणि जीभ चावली.

कारखान्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, उष्णता आहे. कारखान्यात हात तुटला तरी ते आधी उष्णता कमी करत. त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी उष्णता गेली असेल; खांदा राहिला. त्यात आणखी एक सुरू झालं. फोन वाजायच्या जरासा आधी माझा श्वास अडकायचा. घंटी व्हायच्या आधी मला कळायचं. तातोबा दारातून बघत उभा राहायचा. मी श्वास धरला की तो डोळे मिटायचा, आणि फोन वाजायचा.

“इंगवले साहेबांचंबी आसंच हुतं,” तो एकदा म्हणाला. “शेवटी शेवटी श्वास धरला त्यो धरलाच.”

कचेरीचा जिना चढताना छातीवर कुणीतरी पाट ठेवल्यासारखं व्हायला लागलं. मी मधल्या पायरीवर थांबायचो. याच पायरीवर साहेब थांबायचे. कठड्याचा लाकडी भाग तिथं हातानं गुळगुळीत झाला होता. माझा हात बरोबर तिथंच पडायचा.

मी विनोदी लेख लिहिणं सोडून दिलं. भुतांवर लिहिताना कुणीतरी खांद्यावरून वाचतंय असं वाटायचं, आणि खांदा तर आधीच वर असायचा.

एका दुपारी हेमानं मला कचेरीतून उठवून बाहेर काढलं. तातोबानं तिला चहा विचारला, तर म्हणाली, “चहा नको. छत्री दे, ऊन आहे.” आणि मला म्हणाली, “चला. ज्यांचं आहे त्यांच्या घरी परत करून येऊ.”

आम्ही शालनवहिनींकडं गेलो. गावाबाहेर त्यांचं घर होतं, पुढं सारवलेलं अंगण. आम्ही सोप्यात टेकलो आणि तेवढ्यात माझा श्वास अडकला. कोपऱ्यात कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलेलं होतं. त्याच्यावर एक गोधडी, गोधडीवर पाटा. त्या सगळ्याखाली काहीतरी गळा दाबल्यासारखं ओरडायला लागलं.

हेमानं माझा हात घट्ट धरला.

“फोन हाय,” शालनवहिनी शांतपणे म्हणाल्या. “कारखान्यानं बसवून दिलाय. लोकास्नी ठावं हाय मालक गेल्यालं. तरीबी करत्यात. काल एकजण म्हनला, ‘बाई, साहेब न्हाईत ठावं हाय, पर माझ्या उसाचं त्यांच्या कानावर घालून ठेवा.’”

डालग्याखालचा आवाज बराच वेळ चालला आणि थांबला. डालग्याच्या एका भोकातून काळी वायर बाहेर आली होती, शेपटीसारखी.

हेमानं सगळं सांगितलं. मीठ, झोप, अंगठा. वहिनी ऐकत होत्या, बघत मात्र माझ्याकडं होत्या.

“भावजी, जरा उठा. दारापत्तोर जाऊन या.”

मी दारापर्यंत जाऊन आलो. त्यांचे डोळे भरले.

“चालणं बी तेच,” त्या म्हणाल्या. “डाव्या अंगावर भार.”

“म्हणजे तेच आहेत,” हेमा म्हणाली. “वहिनी, रागावू नका. पण त्यांना काय हवंय ते विचारा आणि आमच्या माणसाला सोडायला सांगा. ह्यांच्या छातीत दुखायला लागलंय.”

शालनवहिनींनी पदरानं डोळे कोरडे केले आणि म्हणाल्या, “हे आमच्या मालकांचं न्हवं.”

“म्हणजे?”

“लग्नात बघितलं तवा आमचं मालक तालमीतलं गडी. खांदं नांगराच्या जुवागत सरळ. ‘बघू’ म्हनायचं ठावं नव्हतं. उठलं की निघालं. त्या खुर्चीवर बसलं आणि हे सुरू झालं. मी तवाच वळकलं, हे कुणाचं ते. आमच्या लग्नाला आलते की ते, असाच खांदा वर करून. मी सासूबाईस्नी इचारलं हुतं, ह्यास्नी काय पक्षवात झालाय का?”

“कुणाचं?” मी विचारलं.

“मगदूम अण्णांचं. मालकांच्या आधी ते हुते खुर्चीवर.”

मला जरा हायसं वाटलं. भूत बदललं होतं, पण निदान मूळ मालकाचा पत्ता लागला होता.

“ते कधी वारले?”

“वारत्यात कशानं?” वहिनी म्हणाल्या. “नांदणीला असत्यात. आवंदा जयसिंगपूरला बसमधी भेटलं हुतं की. चांगलं खात्यात-पित्यात.”

जिवंत माणसाचं भूत लागल्याचं मी ऐकलं नव्हतं, लिहिलंही नव्हतं. डालग्याखाली परत फोन वाजायला लागला. या वेळी माझा श्वास तर अडकलाच, पण मी बघितलं, शालनवहिनींनीही पदर तोंडात धरला होता.

“चला,” हेमा उठून म्हणाली, “नांदणीला.”

तिघं एसटीनं गेलो. मगदूम अण्णांचं घर बाजारपेठेत, पुढं मुलाचं खताचं दुकान, मागं सोपा. अण्णा सोप्यात पाटावर बसून शेंगा फोडत होते. मी सगळ्यात आधी खांदे बघितले. दोन्ही सरळ, एका पातळीत, ओळंबा धरून बसवल्यासारखे. पायाचा अंगठा स्वस्थ. माझा जीव भांड्यात पडला. या माणसानं ते उतरवलं होतं. आता हा आपल्याला मंत्र, अंगारा, जे काय असेल ते देईल.

“या, या. शालन, ये बाळ,” अण्णा म्हणाले. इंगवल्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. फक्त शेंगांची परात तिच्याकडं सरकवली. ती फोडायला लागली. दुःखाच्या भेटीत हाताला काम दिलं की बोलायला सोपं जातं, हे त्यांना माहीत असावं.

हेमानं परत सगळं सांगितलं. अण्णा मला नीट न्याहाळत होते, आपली जुनी सायकल दुसऱ्याकडं बघावी तसे.

“अंगठा?” त्यांनी विचारलं.

“होय.”

“घंटी व्हायच्या आदी श्वास?”

“होय.”

“जिन्यात मधली पायरी?”

“अण्णा, हे तुमचं आहे ना?” मी जवळजवळ ओरडलो. “मग तुम्ही हे कसं सोडवलंत, सांगा मला. मी मरायला लागलोय.”

अण्णांनी एक शेंग उचलली. फोडायच्या आत पुढच्या दुकानात फोन वाजला.

माझा श्वास अडकला, खांदा वर गेला. आणि माझ्या समोर, पाटावर, त्या सरळ बसलेल्या म्हाताऱ्याचाही उजवा खांदा वर गेला. एकाच क्षणी, एकाच वेगानं, कानापर्यंत. एकाच दोरीला बांधलेल्या दोन बाहुल्या असाव्यात तसे आम्ही एकमेकांसमोर बसलो होतो. शालनवहिनींच्या हातून परातीत शेंगा सांडल्या. त्यांना एकदम दोन माणसांत आपला नवरा दिसला असणार.

घंटी वाजत होती.

आतून अण्णांच्या बायकोचा आवाज आला. अगदी रोजचा, भाकरी थापता थापता दिलेला.

“अवो, पाव्हणं आलं बगा.”

“व्हय,” अण्णा म्हणाले. “बगितलं.”

त्यांनी मान वळवून स्वतःच्या खांद्याकडं बघितलं. मग श्वास सोडत सोडत तो खाली घेतला. डोक्यावरची घागर उतरवून ठेवावी तसा, न सांडता.

“म्हणजे गेलेलं नाही,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

“न्हाई की.”

“तुम्ही खुर्ची सोडूनही?”

“खुर्ची सोडली, खांदा बरोबर आला. कारखान्यानं येकच वस्तू निरोपाला दिली, ती बी आपलीच.” ते हसले. “मला वाटायचं, हे माझ्या आदीच्या बापट साहेबांचं हाय. मी बी लिंबं बांदली. नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो, जैन असून. मग एकदा बापट साहेबास्नीच गाठलं पुण्यात. म्हटलं, साहेब, तुमचं घ्या माघारी. तर ते म्हनले, अरे मी पहिलाच अधिकारी. माझ्या आधी तिथं नुसता माळ होता.”

“मग?”

“मग काय? माळाला कुटं खांदा असतोय?”

अण्णांनी पुढं सरकून माझ्या वर गेलेल्या खांद्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

“सगळी नोकरी हा असा वर हुता आणि मला ठावं न्हवतं. लोकं म्हनायची, मी म्हनायचो, काय तरीच. आता हिनं सांगितलं की कळतंय. आला की म्हनायचं, आलास व्हय? आणि खाली घ्यायचा. परत येतोय. परत घ्यायचा. हाकलाय गेलं की बसतोय मुक्कामाला. आणि छातीत दुकतंय म्हनता, तर आदी मिरजेला जावा. ते पाव्हणं न्हवं. ते घरमालक हाय.”

“हंगाम संपला की...” माझ्या तोंडून निघून गेलं.

अण्णांचा हात खांद्यावरून खाली पडला. ते शालनवहिनींकडं बघून हळू म्हणाले, “दिवाळीला मी इंगवल्याकडं गेलतो, शालन. हेच सांगायला. तूच चहा दिलास. त्येनं सगळं ऐकून घेतलं. म्हनला, अण्णा, पटलं. हंगाम संपला की येतो.”

वहिनींनी परातीत बघत एकेक शेंग फोडली, दाणे एकीकडं, टरफलं एकीकडं. सगळ्या संपेपर्यंत आम्ही थांबलो.

परतताना त्या नदीच्या फाट्यावर उतरल्या. “जरा खाली जाऊन येऊ,” म्हणाल्या. अण्णांच्या बायकोनं बांधून दिलेली भाकरी त्यांच्याजवळ होती. आम्ही मागं मागं गेलो. ऊन उतरायला लागलं होतं. घाटावर कुणी नव्हतं, पाणी संथ होतं. पलीकडं कारखान्याच्या चिमणीतून धूर निघत होता आणि मळीचा वास काठापर्यंत येत होता.

करंजावर कावळा होता. तोच, असं मी शपथेवर सांगणार नाही. कावळ्यांची ओळखपरेड आमच्याकडं होत नाही. पण मान उजवीकडं होती आणि पंख मानेला भिडलेला होता.

वहिनींनी भाकरी दगडावर ठेवली. चार पावलं मागं आल्या. पदर डोक्यावरून सारखा केला. आणि मग, नदीपलीकडं तो धूर स्वच्छ दिसत असताना, घरात नवऱ्याला हाक मारावी तशा सुरात म्हणाल्या:

“अवो, हंगाम संपला. कारखान्याचा पट्टा पडला. सगळ्यांचा ऊस गेला.”

कावळा बघत राहिला.

“फोन काढून टाकलाय,” त्या म्हणाल्या. “या आता.”

मी चिमणीकडं बघायला लागलो, तर हेमानं मला कोपरानं ढोसलं. मी पाठ फिरवली. न जाणो, माझ्या नजरेमागं त्याची नजर जायची.

पंखांचा आवाज झाला. मी वळून बघितलं तेव्हा कावळा दगडावर होता. त्यानं एकदा मान हलवली, ताठ केली. पंख मिटून अंगाला लावला. मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आणि जराही घाई न करता दुसरा.

शालनवहिनी तिथंच खाली बसल्या आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. हेमा त्यांच्याजवळ बसली. मी उभा होतो. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की माझे दोन्ही हात खाली सैल लोंबकळताहेत आणि मला पोटापर्यंत श्वास घेता येतोय. मी हललो नाही. हललो तर जाईल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऐन हंगामात मी मिरजेला गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, काटा बघितला, परत गुंडाळला, परत बघितला. म्हणाले, “शिमग्यानंतर आला असता तर मला तुम्हाला बघायला तुमच्या घरी यावं लागलं असतं. हार घेऊन.” गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, आणि दुपारचं जेवण कचेरीच्या टेबलावर नको म्हणाले.

आठवड्यानं कामावर आलो. फोन वाजला. मी खांद्याकडं बघितलं. आलास? खाली घेतला. मग रिसीव्हर हातात धरला.

“देशिंगकर!” भगवानराव गरजले. “आठ दिस कुटं हुता? आमच्या साडूच्या उसाला तुरा आला! ऐकताय न्हवं?”

“ऐकतोय, साहेब. पण आता जेवायची वेळ झालीय. जेवून ऐकतो.”

पलीकडं इतकी शांतता पसरली, की मला वाटलं हेही गेले. तसं काही झालं नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी मला परत अकाउंट्सला पाठवलं, अकार्यक्षम म्हणून. मी लगेच एक विनोदी लेख लिहिला आणि तो छापून आला. त्यानंतर जन्मभर मी तेच केलं.

माझ्या जागी आलेला तरुण उंच, हसरा, कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेला होता. मी त्याला मगदूम अण्णांची सगळी गोष्ट सांगितली. तो खूप हसला. म्हणाला, “देशिंगकर, तुम्ही लिहा हं हे.” मग त्याच्या टेबलावरचा फोन वाजला आणि तो वळला. मला त्याची पाठ दिसत होती. दाराशी तातोबा चहा घेऊन उभा होता. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हे लिहायला सकाळी बसलो होतो. संपादकांचा फोन नाही, घाई नाही, मी निवृत्त आहे आणि खोलीत फोनही नाही. हेमा दोनदा चहाला बोलावून गेली. तिसऱ्यांदा दारात उभी राहिली आणि म्हणाली, “पाहुणे आलेत.”

मी दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं.

मग खांद्याकडं बघितलं.

“चहा घेताय ना?”

“एवढा शेवट होऊ दे, बघू,” असं म्हणायला मी तोंड उघडलं. खिडकीच्या गजावर एक कावळा बसला होता. त्यानं मान वाकडी केली.

मी पेन खाली ठेवलं आणि चहाला गेलो.